चौदा फुटांचं माजघर, तेरा माणसं: कमी पैशांत माणसांसाठी वाइड लेन्स कशी निवडावी

मामेबहिणीचा साखरपुडा जुन्या नाशकातल्या एका वाड्यात झाला. माजघर आडवं, वीस-बावीस फूट लांब, पण समोरासमोरच्या भिंतींत अंतर जेमतेम चौदा फूट. फोटो काढायला मी, कारण घरात कॅमेरा असलेला मी एकटाच. जागा पुरणार नाही हे माहीत होतं, म्हणून मित्राकडून कॅननची १०-१८ एमएमची वाइड लेन्स मागून आणली होती (एमएमचा आकडा जितका छोटा, तितकं जास्त मावतं). भिंतीला पाठ लावली, झूम दहावर नेला आणि तेरा माणसं एका रांगेत मावली. मी खूश. रात्री फोटो घरच्या ग्रुपवर टाकले आणि दहा मिनिटांत टोकाला उभ्या असलेल्या मावशीचा फोन. "काय रे, हे माझं डोकं आहे की फणस?"

लेन्स चांगली होती, फोटो शार्प होता, आणि मावशीचंही बरोबर होतं. वाइड लेन्स घेताना आपण किती मावतं ते बघतो. माणसांसाठी घ्यायची असेल तर कडेला उभ्या असलेल्या माणसाचं काय होतं ते आधी बघायला हवं. निसर्गाचे फोटो काढणाऱ्याला याचं सोयरसुतक नसतं. ब्रह्मगिरीचा कडा कडेला थोडा ताणला गेला तर तो फोन करत नाही.

पहिली पायरी: खिशातला मोबाइल काढा

एक रुपया खर्च न करता पहिली चाचणी होते. बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा, म्हणजे १x, हा फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या (फोटो टिपणाऱ्या चिपच्या) कॅमेऱ्यावरच्या २४ ते २६ एमएमच्या आसपास बघतो. ०.५ किंवा ०.६ वर गेलात की तो १३ ते १६ एमएमसारखा होतो. घरातल्या कुणालाही चार फुटांवर उभं करा. दोन्हीवर एकेक फोटो मधोमध काढा आणि एकेक त्याला अगदी कडेला ठेवून. चार फोटो शेजारी ठेवून पाहिलेत की निम्मा लेख तुम्हाला कळला.

कॅमेऱ्यावर तेच आकडे वापरायचे तर क्रॉपचा हिशोब करावा लागतो. एपीएस-सी किंवा 'क्रॉप' म्हणजे फुल फ्रेमपेक्षा छोट्या सेन्सरचे कॅमेरे. निकॉन, सोनी, फुजीच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांत लेन्सवरचा आकडा गुणिले १.५, कॅननमध्ये गुणिले १.६. म्हणजे किट लेन्सचे (कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या लेन्सचे) १८ हे निकॉनवर २७ आणि कॅननवर जवळपास २९ होतात. पुढे मी '२४ सारखा' किंवा '३५ सारखा' म्हणेन तेव्हा हा गुणून आलेला आकडा समजा.

दुसरी पायरी: टेप घ्या आणि जागा मोजा

ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि मग चुकीची लेन्स घेऊन बसतात. सूत्र सोपं आहे. सेन्सरची रुंदी भागिले लेन्सचे एमएम, गुणिले तुमच्यापासून माणसांचं अंतर. जे येईल तेवढी रुंदी फोटोत मावते. सेन्सरची रुंदी फुल फ्रेमला ३६ मिलिमीटर, निकॉन-सोनीच्या एपीएस-सीला साधारण २३.५, कॅननच्या एपीएस-सीला २२.३.

आता आमचं माजघर घ्या. चौदा फूट म्हणजे सव्वाचार मीटर. त्यातला दीड फूट तुमची पाठ आणि कॅमेरा खातो, फूटभर मागची रांग खाते. मागच्या रांगेपर्यंत साडेतीन मीटर राहतात, तिच्यापुढे खुर्च्या मांडल्या तर खुर्च्यांपर्यंत तीन. माझा कॅमेरा कॅननचा क्रॉप. तीन मीटरवरून ५० एमएमच्या लेन्समध्ये १.३ मीटर मावतात, म्हणजे खांद्याला खांदा लावून तीन माणसंसुद्धा कशीबशी. २४ एमएममध्ये २.८ मीटर. किटच्या १८ वर ३.७ मीटर. आणि १० एमएमवर ६.७ मीटर, त्यातच आमची तेरा जणांची रांग बसली होती.

माणशी अर्धा मीटर धरा. २४ एमएमला तीन मीटरवर पाच माणसं आरामात येतात. मग तेरा माणसांचं काय? चार सतरंजीवर, चार खुर्च्यांवर, पाच मागे उभी. झालं की. त्या दिवशी अडचण लेन्सची नव्हतीच. सगळ्यांना एका रांगेत उभं करण्याचा आळस माझा होता.

तुमच्या नेहमीच्या जागा अशाच मोजा. सिडकोतल्या फ्लॅटचा हॉल वेगळा, कॉलेज रोडवरच्या कॅफेचं टेबल वेगळं, पंचवटीतल्या कार्यालयाचं स्टेज आणखी वेगळं. कार्यालयात मागे सरकायला हवी तेवढी जागा असते, तिथे वाइडची गरज फारशी पडतच नाही.

तिसरी पायरी: जुने फोटो उघडा

किट लेन्सवर काढलेले मागच्या वर्षभराचे माणसांचे फोटो घ्या आणि प्रत्येकाच्या माहितीत फोकल लेंग्थ बघा. कॉम्प्युटरवर फोटोवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स. बरेच फोटो १८ वर असतील तर दोन शक्यता आहेत. एक, तुम्हाला खरंच वाइड हवी आहे. दोन, कॅमेरा चालू केला की लेन्स १८ वरच असते आणि तुम्ही ती फिरवतच नाही. माझ्याबाबतीत दुसरं खरं निघालं. गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, बुधवारच्या बाजारात काढलेले माझे जवळजवळ सगळे फोटो १८ वर होते, आणि त्यांतल्या निम्म्यांत भाजीवाली मावशी फोटोच्या एक-दशांश जागेत आणि बाकी सगळं आभाळ. हे फोटो २४-२८ वर काढून दोन पावलं पुढे गेलो असतो तर कामाचे झाले असते.

चौथी पायरी: कोन ठरवा

आता मावशीच्या डोक्याकडे वळू. सरळ रेषा सरळ दाखवणारी कुठलीही लेन्स, स्वस्त असो की लाखाची, कडेच्या गोल वस्तू बाहेरच्या बाजूला ताणते. हा लेन्सचा दोष नाही, भूमितीच तशी आहे. फुटबॉल कडेला ठेवला तर तो अंड्यासारखा दिसतो. किती ताणला जाईल ते कोनावर ठरतं. फोटोच्या अगदी डाव्या-उजव्या कडेला ३५ सारख्या लेन्सवर डोकं उंचीच्या मानानं सुमारे १२ टक्के रुंद होतं, २८ वर १९ टक्के, २४ वर २५ टक्के. आणि १६ वर, म्हणजे कॅननच्या १० एमएमवर, तब्बल ५० टक्के. बारा टक्के कुणाच्या ध्यानात येत नाहीत. पंचवीस टक्के ज्याचं डोकं आहे त्याला कळतात. पन्नास टक्क्यांना फोन येतो.

एडिटिंगमध्ये प्रोफाइल करेक्शन लावलं की सगळं ठीक होतं असं सांगणारे भेटतील. त्यानं वाकलेली भिंत सरळ होते, ताणलेलं डोकं तसंच राहतं.

नाक मोठं दिसण्याची तक्रार मात्र वेगळी आहे, तिची गल्लत करू नका. ती लेन्समुळे नसते, अंतरामुळे असते. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटिमीटर. कॅमेरा ४० सेंटिमीटरवर असेल तर नाक कानाच्या मानानं ३० टक्के मोठं दिसतं. दीड मीटरवर गेलात तर ८ टक्केच. वाइड लेन्सला नाव यासाठी पडतं की तिच्यात चेहरा मोठा दिसावा म्हणून आपण नाकाला भिडतो. पाच फुटांच्या आत चेहरा घ्यायचाच नाही, एवढं पाळलंत तर २४ सारख्या लेन्सवरसुद्धा माणूस माणसासारखा दिसतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. माणसांसाठी एकच लेन्स घेणार असाल तर ती २४ ते ३८ सारखी असावी. घरातले समारंभ, मित्रांचे ग्रुप, दुकानात काम करणारा माणूस, यासाठी ३५-३८ सर्वांत सोपी. वाड्यातल्या खोल्या आणि गर्दी यासाठी २४-२८. रंगपंचमीला तिवंध्यावर किंवा शनी चौकात पेशवेकालीन रहाडीच्या, म्हणजे रंगाच्या पाण्यानं भरलेल्या हौदाच्या काठावर उभं राहिलात तर मागे एक पाऊल टाकायला जागा नसते आणि समोरचा गडी धप्पा मारायला, म्हणजे त्यात उडी घ्यायला निघालेला असतो. तिथे २४ सारखी पाहिजेच. (आणि कॅमेऱ्याला प्लास्टिकही पाहिजे. रहाडीचा रंग सहजासहजी जात नाही.) २०२७ च्या सिंहस्थासाठी तयारी करणाऱ्यांनाही हेच सांगेन. रामकुंडावर पर्वणीच्या गर्दीत १० एमएमचा फोटो म्हणजे मुंग्यांचं वारूळ. २८ किंवा ३५ सारख्या लेन्समध्ये एक चेहरा आणि त्याच्यामागची गर्दी, दोन्ही येतात.

पाचवी पायरी: उजेड किती हवा

स्वस्त अल्ट्रावाइड झूम लेन्स एफ ४.५ ते ५.६ च्या असतात. एफ हा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या भोकाचा आकडा, तो जितका छोटा तितकं भोक मोठं. एफ २.८ ची लेन्स ५.६ पेक्षा चौपट उजेड घेते. वाड्यात, देवघरासमोर, संध्याकाळी ओवाळताना हा फरक फार मोठा असतो. दुकानदार म्हणेल, "सर, यात स्टॅबिलायझेशन आहे." असू दे. त्यानं तुमचा हात स्थिर होतो, समोरचं पोर स्थिर होत नाही. माणसांसाठी शटर निदान १/१२५ ला ठेवायचं, पळती पोरं असतील तर १/२५०. तेवढं शटर मिळवून देतो तो लेन्सचा मोठा अ‍ॅपर्चर.

इथे वाइडचा एक फायदा आहे. क्रॉप कॅमेऱ्यावर ५० एमएम एफ १.८ ला उघडून तीन मीटरवर फोकस केलात तर जेमतेम पाव मीटरचा पट्टा शार्प येतो, मागची रांग गेलीच. २४ एमएम एफ २.८ ला उघडून तिथेच फोकस केलात तर साधारण २.३५ मीटरपासून ४.१५ मीटरपर्यंत सगळं शार्प. आमच्या तिन्ही रांगा त्यात बसतात, अ‍ॅपर्चर बंद न करता.

उलट, मागचं सगळं लोण्यासारखं धूसर हवं असेल तर वाइड लेन्स तुमची निराशा करेल. गंगापूर धरणावरच्या प्री-वेडिंगला ५० किंवा ८५ न्या.

सहावी पायरी: तुमच्या कॅमेऱ्याला काय बसतं

माझी मर्यादा पंधरा हजारांची होती, त्यामुळे सेकंडहँडच. मी शेवटी घेतली ती कॅननची ईएफ-एस २४ एमएम एफ २.८ एसटीएम (एसटीएम हा फोकसच्या मोटरचा प्रकार). २०१४ ची लेन्स, वजन १२५ ग्रॅम, दिसायला बाटलीच्या बुचासारखी. क्रॉपवर ३८ सारखी होते. छोटी असल्यामुळे समोरचा माणूस अवघडत नाही, हा फायदा कुठल्याच तक्त्यात लिहिलेला नसतो. कॅननचा क्रॉप डीएसएलआर असेल तर डोळे झाकून हीच शोधा. फुल फ्रेम डीएसएलआरवर मात्र ईएफ-एस लेन्स बसत नाहीत. १०-१८ पण २०१४ चीच, हलकी आणि शार्प. वास्तू आणि डोंगर यांसाठी खुशाल घ्या.

निकॉनच्या डीएक्स (म्हणजे एपीएस-सी) डीएसएलआरवाल्यांची जरा पंचाईत आहे, कारण त्यांच्यात अशी स्वस्त २४ नाहीच. सगळे सुचवतात ती ३५ एमएम एफ १.८ डीएक्स उत्तम लेन्स आहे, पण ती ५२ सारखी होते, वाइड नव्हे. त्यांनी सेकंडहँड बाजारात टॅमरॉन किंवा सिग्माची १७-५० एफ २.८ शोधावी. १७ वर ती साडेपंचवीससारखी आणि उजेड सगळीकडे २.८. सिग्मा ५६५ ग्रॅमची आहे, गळ्याला जाणवते. टॅमरॉनची पहिली निकॉन आवृत्ती मोटरशिवाय होती. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या कॅमेऱ्यांत स्वतःची मोटर नाही, त्यामुळे तिथे ऑटोफोकस चालणार नाही. टोकिनाच्या जुन्या ११-१६ एफ २.८ चंही तेच. आणि निकॉनची १०-२० एएफ-पी २०१७ ची आहे, ती डी३१००, डी३२००, डी५१०० अशा जुन्या बॉडींवर फोकसच करत नाही. स्वस्त मिळतेय म्हणून आधी पैसे देऊन मग घरी जाऊन लावून बघू नका.

मिररलेसमध्ये, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत, निवड बरी आहे. सोनीच्या क्रॉप बॉडीला सिग्माची १६ एमएम एफ १.४, २०१७ पासून मिळते, २४ सारखी. अंधाऱ्या वाड्यासाठी याच्यासारखी लेन्स नाही, पण बजेट थोडं ताणावं लागतं. निकॉन झेड५० किंवा झेड३० ला २०२३ ची २४ एमएम एफ १.७, ती ३६ सारखी. निकॉनच्या फुल फ्रेम झेडला २८ एमएम एफ २.८. कॅनन आर५० किंवा आर१० ला आरएफ १६ एमएम एफ २.८, जी तिथे साधारण २६ सारखी होते आणि फक्त १६५ ग्रॅमची आहे. हीच लेन्स फुल फ्रेमवर लावलीत तर पुन्हा फणस. कॅनन फुल फ्रेम मिररलेसला २०२३ ची आरएफ २८ एफ २.८ घ्या.

चिनी मॅन्युअल फोकस लेन्स मोहात पाडतील. स्वस्त आहेत, धातूच्या आहेत, हातात छान वाटतात. हलत्या माणसांवर मॅन्युअल फोकस करायची सवय नसेल तर त्यांच्या नादी लागू नका.

सातवी पायरी: काउंटरवर तपासणी

सेकंडहँड लेन्स घ्यायला जाताना बरोबर तीन गोष्टी न्या: स्वतःचा कॅमेरा, भरलेली बॅटरी, मोबाइलची टॉर्च. लेन्सची दोन्ही झाकणं काढा, एका बाजूनं टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूनं तिरपं बघा. धुळीचे चार-पाच ठिपके चालतात. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू कडेकडेनं दिसले तर ती बुरशी. लेन्स परत द्या, किंमत निम्मी केली तरी. मी एकदा "साफ होते हो ती" या वाक्यावर भुललो. साफ झालीही, पण पुढच्या पावसाळ्यात परत आली.

मग लेन्स कॅमेऱ्याला लावा. माउंटपाशी, म्हणजे कॅमेऱ्याच्या जोडावर, सैल हलतेय का बघा. फिल्टरचा आटा चेपलेला असेल तर ती पडलेली आहे. फोकस जवळून लांब, लांबून जवळ असा दहा वेळा करा आणि कान द्या. एसटीएम लेन्स हलकी घुर्र करते, पण टकटक आवाज यायला नको.

वाइड लेन्समध्ये एक दोष हमखास बघायचा, एक बाजू शार्प आणि दुसरी मऊ. समोरच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं पान लावा, नाहीतर टाइल्सची भिंत शोधा. कॅमेरा भिंतीला समांतर धरून अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा ठेवून फोटो काढा आणि स्क्रीनवर झूम करून चारही कोपरे बघा. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर काही हरकत नाही. तीन कोपऱ्यांतल्या बातम्या वाचता येतात आणि चौथा पुसट, तर आतली काच तिरकी आहे. ग्रुप फोटोत त्याच कोपऱ्यातला माणूस कायम धूसर येणार.

नवी घेत असाल तर बिल आणि वॉरंटी कार्डावरचा नंबर लेन्सवरच्या नंबराशी जुळवा. ठरवणं होत नसेल तर एक दिवस भाड्यानं आणा आणि ज्या खोलीत वापरायची त्याच खोलीत वापरा. दुकानाच्या दारातून रस्त्याचा फोटो काढून काहीही कळत नाही.

आठवी पायरी: माणसं कशी उभी करायची

वयस्कर आणि अंगानं भरलेली मंडळी मधोमध. कडेला सडपातळ पोरं, आणि त्यांच्याही बाहेर थोडी रिकामी जागा सोडा, नंतर कापता येते. टोकाची माणसं आपोआप कॅमेऱ्याकडे पुढे सरकतात, अर्धगोल होतो. त्यांना मागे ढकला, रांग सरळ ठेवा. पुढे आलेला माणूस वाइडमध्ये एकदम थोराड दिसतो.

कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि सरळ धरा. उभं राहून खाली झुकवलात तर डोकी मोठी आणि पाय बोन्सायसारखे. लहान मुलांसाठी सरळ मांडी घालून जमिनीवर बसा. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश बहुतेक १७-१८ एमएमपर्यंतच्या कोनाला पुरतो. त्याहून वाइड गेलात तर कडा काळ्या पडतात, आणि लेन्स मोठी असेल तर खाली तिची अर्धगोल सावली येते.

पावसाळ्याचं तेवढं बघा

जून ते सप्टेंबर लेन्स कॅमेऱ्याच्या बॅगेत, कपाटात ठेवून दिलीत की बुरशी आलीच समजा. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रता मोजणारा काटा ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. रंग बदलणारं सिलिका जेल घेतलंत तर पुड्या कधी वाळवायच्या ते दिसतं. तांदूळ घालू नका, त्याची पावडर झूमच्या फटीत जाते. चामड्याच्या कव्हरात तर मुळीच ठेवू नका, ओल तेच आधी धरतं. आणि आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून चार फोटो काढा, भले खिडकीतून समोरच्या गॅलरीतले का असेनात.